मनाचा पूर आणि मनाचा दुष्काळ



दारणेला पूर आला किंवा पात्र आटले, तर नदीच्या स्वभावाला कोणी दोष देत नाही. आपण पाऊसपाण्याकडे बघतो. घरातल्या माणसाच्या मनाला मात्र आपण हा न्याय लावत नाही.

समजा, नाशिक रोडजवळच्या पळसे-शिंद्याकडचे एखादे घर आहे. घरातला कर्ता मुलगा आठवडाभर रात्री जेमतेम तीन तास झोपतो, तरी थकत नाही. बोलणे थांबत नाही. सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना ट्रॅक्टर ठरवून येतो, अडवले तर अंगावर धावतो. घरचे म्हणतात, ‘पिऊ लागला असेल.’ पुढे काही महिन्यांनी तोच मुलगा अंथरूण सोडत नाही. कांदा काढणीला आला तरी मळ्यात जात नाही, जेवत नाही, ‘मी असून काय उपयोग’ म्हणतो. आता घरचे म्हणतात, ‘आळशी झाला’, नाहीतर ‘बाहेरचे काहीतरी लागले.’

दोन्ही वेळा आजार एकच असू शकतो. पूर्वी त्याला मॅनिक डिप्रेशन म्हणत, आता डॉक्टर बायपोलर किंवा द्विध्रुवी विकार म्हणतात. पहिली अवस्था उन्मादाची, दुसरी नैराश्याची. मधल्या काळात माणूस अगदी नीट असतो, म्हणून तर घरच्यांची फसगत होते. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. रक्ताच्या नात्यात तो असला तर शक्यता वाढते. ज्या बाईला हा आजार आहे, तिला बाळंतपणानंतर तो उसळण्याचा धोका जास्त, हे सासरच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.

माणसाला बहुतेक वेळा नैराश्यात असतानाच डॉक्टरकडे नेतात. तेव्हा मागचे ‘जोमाचे’ दिवसही न लाजता सांगा. ते कळले नाहीत आणि नुसते उदासीचे औषध सुरू झाले, तर मन उन्मादाकडे उसळू शकते.

या आजारावर लिथियम हे जुने आणि खात्रीचे औषध आहे. त्याचा उन्मादावरचा गुण १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी दाखवून दिला. लिथियम चालू असताना रक्त वेळोवेळी तपासावे लागते, कारण मात्रा थोडी वाढली तरी बाधते. एप्रिल-मेच्या उन्हात कांदा काढताना घाम गेला आणि पाणी कमी पडले, किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर ती वाढते. म्हणून पाणी भरपूर प्या, मीठ एकदम बंद करू नका, आणि अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. हात जोरात थरथरणे, झोक जाणे, जीभ जड होणे असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुसरीही औषधे आहेत. त्यातले व्हॅल्प्रोएट गर्भाला अपाय करते, म्हणून मूल होण्याच्या वयातील बाईने आधी डॉक्टरांशी बोलावे.

बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका. विहिरीला पाणी आले म्हणून कोणी बांध फोडत नाही.

झोपही औषधाइतकीच महत्त्वाची. जागरणाने उन्माद उसळू शकतो. रात्रीच्या विजेवर पाणी भरायची पाळी आली, तर ती घरातल्या दुसऱ्याने घ्यावी. दारू टाळावी. नैराश्याच्या दिवसांत फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे असावी. ‘जगावेसे वाटत नाही’ हे शब्द ऐकू आले तर त्या माणसाला एकटे सोडू नका.

भगताकडे नेऊन मारझोड करणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याऐवजी नाशिक रोडहून सीबीएसची बस धरा. तिथून त्र्यंबक रस्त्यावरचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. प्रवास जमत नसेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो फुकट असून रात्रंदिवस चालू असतो, आणि मराठीत बोलता येते.

औषध, झोप आणि घरच्यांची साथ मिळाली, तर अशी माणसे शेती करतात, संसार करतात. घरात असे कोणी असेल तर पुढचा पूर येण्याची वाट पाहू नका. या आठवड्यातच डॉक्टरला भेटा.