गटारातला खलनायक
परवा जेवताना 'द थर्ड मॅन' (१९४९) लावला, तर भाचा वैतागला: "मामा, घास घशाखाली उतरतोय तोवर गटार कसलं दाखवतोस?" पण भुयारी थरार म्हणावा तर त्याचा दिग्दर्शक कॅरल रीडचाच! सिनेमाभर वाजणारं ते झिदर हे तंतुवाद्य व्हिएन्नाच्या गटारातल्या पाठलागात गप्प होतं. उरतो पाण्याचा खळखळाट आणि कुठून येतायत ते कळू नये असे घुमणारे आवाज. खलनायक झालेला ऑर्सन वेल्स त्या घाणीत उतरायला इतका कुरकुरला की थोडं गटार स्टुडिओत बांधावं लागलं (नटांचे नखरे!), आणि जाळीतून वर येणारी ती बोटं तर खुद्द दिग्दर्शकाची. हल्लीचे भुयारपट मात्र अंधारावर ढणाढणा पार्श्वसंगीत ओततात. निव्वळ भित्रेपणा! प्रेक्षकाला कान आहेत, त्यांना जरा घाबरू द्या की.