गल्ला आणि गर्दी

१ जून २०१८ रोजी मुंबईतील अंधेरीच्या मैदानावर भारतीय फुटबॉल संघाने चिनी तैपेईचा पाच विरुद्ध शून्य असा धुव्वा उडविला. कर्णधार सुनील छेत्री याने त्यात तीन गोल नोंदविले. परंतु दीड कोटीच्या आसपास वस्तीच्या त्या महानगरात हा पराक्रम पाहावयास जमले होते अवघे २,५६९ प्रेक्षक. दुसऱ्याच दिवशी छेत्रीने लोकांना हात जोडून विनविले की, टीका करा, दूषणे द्या, पण मैदानावर येऊन द्या. या विनवणीचा परिणाम असा झाला की, ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे हातोहात संपली. मैदान तेच, संघ तोच, शहरही तेच. तीन दिवसांत बदलले ते एवढेच की, आपली तेथे गरज आहे असे लोकांना वाटले.

तिकिटाचा दर आणि सामन्याच्या दिवशी जमणारा गल्ला यांचा संबंध किती गुंतागुंतीचा आहे, हे समजून घेण्यास या घटनेपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. दर वाढविला की उत्पन्न वाढते, अशी व्यवस्थापकांची सरळ समजूत असते. दर उतरविला की गर्दी लोटते, अशी तितकीच सरळ समजूत टीकाकारांची असते. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत.

हिशेबाचे एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या मैदानात आठ हजार प्रेक्षकांची सोय आहे. शंभर रुपये तिकीट ठेवले तर सहा हजार लोक येतात आणि गल्ला सहा लाखांचा होतो. दोनशे रुपये ठेवले तर बत्तीसशे येतात आणि गल्ला सहा लाख चाळीस हजारांचा होतो. तीनशे रुपये केले तर अठराशेच येतात आणि गल्ला पाच लाख चाळीस हजारांवर उतरतो. तिकीट-खिडकीपुरते पाहिले तर दोनशेचा दर उत्तम ठरेल. पण आत आलेला माणूस चहा घेतो, भजी खातो, मुलाला झेंडा घेऊन देतो. माणशी तीस रुपये क्लबाच्या पदरी पडतात असे धरले, तर शंभर रुपयांच्या दराने एकूण उत्पन्न सात लाख ऐंशी हजारांचे होते आणि दोनशेच्या दराने ते सात लाख छत्तीस हजारांवरच राहते. खिडकीवर जो दर तोट्याचा दिसला, तोच अखेरच्या बेरजेत फायद्याचा ठरला. शिवाय सामना सुरू झाल्यावर रिकामी राहिलेली खुर्ची ही न विकल्या गेलेल्या भाजीसारखी असते. ती दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.

विलायतेचा अनुभव

हे गणित सर्वत्र एकाच पद्धतीने सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत झालेल्या इजेचे अखेरीस ९७ बळी गेले. त्यानंतरच्या चौकशी अहवालानुसार मोठ्या क्लबांना उभ्याने सामना पाहण्याचे सज्जे काढून सर्वत्र आसने बसवावी लागली. पुढील काळात तिकिटांचे दर चढत गेले, तरीही मैदाने ओस पडली नाहीत. वडिलोपार्जित निष्ठेने क्लबाशी बांधलेला प्रेक्षक पोटाला चिमटा घेऊन तिकीट काढतो, तो प्रतिस्पर्धी क्लबाच्या दारात जाऊन उभा राहत नाही. अशा ठिकाणी दर वाढविल्याने गल्ला वाढतो हे नाकारण्यात अर्थ नाही. क्रीडा-अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना तर असेही आढळून आले आहे की, पुष्कळ क्लब आपले दर परवडले असते त्याहून कमीच ठेवतात. भरलेले मैदान स्वतःच एक मिळकत आहे, हे त्यांना कळते. ओरडणाऱ्या गर्दीमुळे दूरचित्रवाणीवरील सामन्याला रंग चढतो आणि जाहिरातदार थैली सैल सोडतो.

निष्ठेलाही मर्यादा असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूल क्लबाने सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करण्याचे ठरविताच, एका सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून मैदानाबाहेर चालते झाले. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून तो बेत मागे घेतला. त्याच वर्षापासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा घालण्यात आली. जर्मनीत, जेथे क्लबांवर सर्वसाधारणपणे सभासदांचे बहुमत राखण्याचा नियम आहे, तेथे उभ्याने सामना पाहण्याची स्वस्त जागा मुद्दाम जतन केली गेली. डॉर्टमुंडच्या एका सज्जात सुमारे पंचवीस हजार लोक उभे राहतात. विद्यार्थी आणि कामगार यांना परवडेल असा दर तेथे धर्मादाय म्हणून ठेवला जात नाही. आजचा विद्यार्थी हाच उद्याचा वर्गणीदार, हा हिशेब त्यामागे असतो.

पुणे आणि कोल्हापूर

महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन टोके पाहावयास मिळतात. इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली मोठ्या भांडवलावर सुरू झाली. त्यात पुण्याचाही क्लब होता. बालेवाडीच्या मैदानावर झगमगाट झाला, नामवंत परदेशी खेळाडू आले, आणि २०१९ साली तो क्लब आर्थिक अडचणींमुळे बंद पडून त्याची जागा हैदराबादच्या क्लबाने घेतली. पाच हंगामांत खेळ आटोपला. पुढे २०२५ साली तर व्यापारी हक्कांच्या करारावरून घोळ होऊन संपूर्ण स्पर्धेचाच हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. मिळकत एका करारावर आणि पुरस्कर्त्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिली की काय होते, त्याचा हा दाखला होय. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

दुसरे टोक कोल्हापूरचे. तेथील पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांची नावेच सांगतात की, ते कोणा कंपनीच्या कार्यालयात जन्मले नाहीत. ते पेठापेठांतील तालमींतून वाढले. जेथे कुस्तीचे हौदे होते, तेथेच फुटबॉल रुजला. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने असले की, अर्धे शहर दुपारपासून तिकडे वळते. प्रेक्षक खिशाला झेपेल असे तिकीट काढून आत जातो आणि सिमेंटच्या पायरीवर बसतो. हे संघ केवळ तिकिटांच्या पैशावर जगतात असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. देणग्या आणि राजाश्रय यांचाही त्यात वाटा आहे. ईर्षेपोटी होणारी हुल्लडबाजी हीही तेथील जुनी दुखणी आहे. परंतु पेठेतील माणूस ‘आमचा संघ’ असे म्हणतो तेव्हा त्या ‘आमचा’ या शब्दात त्याने स्वतः खर्चिलेले पैसे असतात. पुण्यातील क्लब मालकाचा होता आणि मालक थकल्यावर संपला. पाटाकडील तालमीचा संघ पेठेचा आहे. पेठ आहे तोवर तोही राहील.

शासनालाही हा फरक उमगलेला दिसतो. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धांच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर माफ आहे, तर क्रिकेटच्या आयपीएलच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के कर बसला आहे. सामान्य माणसाचा खेळ आणि श्रीमंती करमणूक यांमधील सीमारेषा कायद्यानेच आखून दिली आहे. छोट्या तिकिटाच्या मार्गात कराचा अडसर नाही, ही गोष्ट संयोजकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

वाशीमला काय त्याचे?

येथे वाशीमच्या वाचकास असे वाटणे साहजिक आहे की, या चर्चेशी आपला संबंध काय? १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या निघालेल्या या जिल्ह्यात व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. सोयाबीनच्या भावावर घरखर्च ठरविणाऱ्या या मुलखात मैदानाचे तिकीट हा विषय चैनीचा भासेल. परंतु थोडा विचार केला तर प्रश्न अगदी उंबरठ्यावरचा आहे असे दिसून येईल.

कारंजा असो, रिसोड असो की मंगरुळपीर. गावोगाव कबड्डीचे सामने होतात, यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली परवानगी दिल्यानंतर शंकरपटही पुन्हा भरू लागले आहेत. या बहुतेक ठिकाणी प्रेक्षकाला प्रवेश मोफत असतो. मग खर्च चालतो कशावर? खेळणाऱ्या संघांच्या प्रवेश-शुल्कावर आणि देणगीदारांच्या बक्षिसांवर. म्हणजे जो खेळतो तो पैसे भरतो आणि जो पाहतो तो फुकट पाहतो! प्रथम बक्षीस अमक्याकडून, द्वितीय तमक्याकडून, अशी पाटी मैदानाच्या तोंडाशी झळकते. निवडणुकीच्या वर्षी बक्षिसाची रक्कम फुगते आणि निवडणूक सरली की स्पर्धाच रद्द होते. मैदानात गर्दी हजारोंची, पण गल्ला शून्य. आणि गल्ला नाही म्हणून पंचांचे मानधन नाही, जखमी खेळाडूला औषधपाणी नाही, मुलींच्या संघाला कपडे बदलावयास आडोसाही नाही. अशा परिस्थितीत खेळ हा देणगीदाराचा होतो, गावाचा राहत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, तिकीट लावले तर गरीब माणूस बाहेर राहील. हा आक्षेप मोलाचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. शेतमजुराच्या मुलास कुंपणाबाहेर ठेवून गल्ला जमविणे यापरते दुसरे पाप नाही. म्हणूनच दर ठरविताना शहाणपण पणाला लागते. शालेय विद्यार्थ्यांना मोफत, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पाच रुपये, इतरांना दहा रुपये आणि ज्यांना पुढची खुर्ची हवी त्यांना पन्नास, अशी रचना अशक्य नाही. दोन हजार माणसांनी सरासरी दहा रुपये दिले तर वीस हजार जमतात. रक्कम किरकोळ दिसते. पण ती कोणाच्या कृपेची नसते आणि पुढल्या वर्षीही मिळू शकते. तीत पंच, पाणी, प्रथमोपचार एवढे सहज भागते. मात्र एक अट पाळावी लागेल. किती तिकिटे खपली आणि पैसा कोठे खर्च झाला, याचा तपशील सामन्यानंतर फलकावर लावला पाहिजे. शाळेच्या सहलीचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या शिक्षकास आणि कचेरीतील कारकुनास हे काम अवघड वाटू नये. किंबहुना अशा समित्यांवर पुढाऱ्यांपेक्षा त्यांचीच गरज अधिक आहे.

ज्याने तिकीट काढले तो प्रेक्षक प्रश्न विचारू शकतो. सामना वेळेवर का सुरू झाला नाही, पाण्याची सोय का नाही, पंच पक्षपाती का, हे विचारण्याचा अधिकार त्याला दहा रुपयांनी मिळतो. फुकट आलेल्याला तो नसतो. त्याने मुकाट्याने भाषणे ऐकावयाची आणि सत्काराचे नारळ फुटेपर्यंत वाट पाहावयाची. या दृष्टीने तिकिटाचा दर हा जितका अर्थकारणाचा तितकाच नागरिकत्वाचाही प्रश्न आहे. दर इतका चढा असू नये की सामान्य माणूस बाहेर राहावा, आणि इतका शून्यही असू नये की मैदान दुसऱ्या कोणाच्या मालकीचे व्हावे.

अंधेरीच्या मैदानावर २,५६९ प्रेक्षकांपुढे खेळलेल्या कर्णधाराने लोकांकडे पैसे मागितले नव्हते, त्यांची उपस्थिती मागितली होती. वाशीममधील संयोजकांपुढील अडचण नेमकी उलटी आहे. त्यांच्याकडे उपस्थिती आहे. तिला भागीदारीत कसे बदलावयाचे हे त्यांना उमगलेले नाही. येत्या हिवाळ्यात एखाद्या तालुक्याच्या गावी, एका तरी स्पर्धेत, दहा रुपयांचे तिकीट आणि हिशेबाचा फलक हा प्रयोग करून पाहावयास हरकत नाही. फसला तर नुकसान तिकिटांच्या छपाईएवढेच होईल. साधला तर त्या गावातील मुलांना आपल्या स्पर्धेसाठी दरवर्षी कोणाच्या दारात जाऊन उभे राहावे लागणार नाही.