ओरखडा लहान, धोका मोठा

इंजेक्शनची काचेची कुपी फोडण्याआधी परिचारिका तिच्या मानेवर छोट्या कटरने एक रेघ ओढते. मग बोटांच्या हलक्या दाबाने कुपी नेमकी तिथेच तुटते. काच तीच, जाडीही तीच. फरक असतो तो त्या रेघेचा. पृष्ठभागावरील बारीक भेगा ठिसूळ पदार्थाची ताकद कशी खातात, याचा हिशेब ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920 मध्ये मांडला.

हा हिशेब आज वैद्यकीय उपकरणांना लागू पडतो. सिलिकॉन आता केवळ संगणकाच्या चिपपुरते उरलेले नाही. अतिदक्षता विभागात रुग्णाचा रक्तदाब सतत मोजणाऱ्या अनेक संवेदकांत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेच्या संशोधकांनी 1998 मध्ये त्वचेतून औषध देण्यासाठी सिलिकॉनच्या सूक्ष्मसुया तयार केल्या. त्यांची लांबी होती सुमारे 150 मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढी.

सिलिकॉन मजबूत आहे, पण नेहमीच्या तापमानाला काचेसारखेच ठिसूळ. पोलादावर ताण आला तर ते किंचित वाकते आणि भेगेचे टोक बोथट होते. सिलिकॉनमध्ये तसे घडत नाही. तडा गेला की तो थेट आरपार जातो. शिवाय सिलिकॉन वायूंच्या साहाय्याने खोलवर कोरण्याच्या एका प्रचलित पद्धतीत भिंतींवर बारीक लाटांसारखे खाचखळगे राहतात. मोठ्या तुकड्यात त्यांना फारसे महत्त्व नसते. केसाएवढ्या बारीक सुईत मात्र तेच घातक ठरतात. म्हणूनच एकाच प्रकारच्या सिलिकॉनची ताकद पृष्ठभागानुसार कित्येक पटींनी बदललेली आढळते. त्यावर उपायही आहेत. हायड्रोजन वायूत तापवून किंवा वरचा थर ऑक्साइडच्या रूपाने काढून टाकून पृष्ठभाग गुळगुळीत करता येतो.

प्रश्न आहे तो तपासणीचा. ‘सिलिकॉनची सरासरी ताकद’ एवढा आकडा रुग्णाच्या उपयोगाचा नाही. सुई मोडते ती सरासरीमुळे नव्हे, तर तिच्यावरच्या सर्वांत वाईट ओरखड्यामुळे. आणि मोडलेले टोक त्वचेतच राहू शकते. त्यामुळे चाचणी चकचकीत नमुन्यावर न होता प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या सुईवर झाली पाहिजे. शंभरातली सर्वांत कमकुवत सुई किती दाबाला मोडली, हे उत्पादकाने सांगितले पाहिजे आणि खरेदी करणाऱ्या रुग्णालयाने ते विचारले पाहिजे. उपकरण जितके लहान, तितकी ही चौकशी काटेकोर हवी.