पिशवीवरचा ‘मर-प्रतिकारक’ हा शब्द

हरभऱ्याच्या बियाण्याच्या पिशवीवर ‘मर रोगास प्रतिकारक’ असे छापलेले असते. शेतकरी त्या शब्दाचे पैसे मोजतो. फुलोऱ्यात झाडे वाळू लागली की दुकानदार म्हणतो पाणी चुकले, साहेब म्हणतात बीजप्रक्रिया चुकली. चूक शेतकऱ्याचीच, हे तर ठरलेलेच आहे! म्हणून हा शब्द येतो कुठून, ते पाहिले पाहिजे.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था १९७२ साली स्थापन झाली. तेथे डॉ. नेने, डॉ. हावरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम रोगट रान तयार केले. मेलेली झाडे उपटून फेकायची नाहीत, त्याच मातीत गाडायची. हमखास मरणारा जेजी ६२ हा वाण पुन्हा पुन्हा तेथेच पेरायचा. सगळी जमीन सारखी रोगट झाली की मग तपासायचे वाण पेरायचे आणि मधूनमधून जेजी ६२ चे तास ठेवायचे. ते तास झाडून मेले तरच चाचणी खरी. नाहीतर वाण स्वतःच्या ताकदीने वाचला की रोगच नव्हता म्हणून वाचला, हे कळणार कसे?

अशा कामातून आलेल्या वाणांची टिंगल आम्हाला करायची नाही. राहुरीचे विजय आणि दिग्विजय, अकोल्याचा जाकी ९२१८ यांनी कोरडवाहू शेतकऱ्याला हात दिला आहे. पण प्रतिकारक म्हणजे न मरणारा नव्हे. शंभरात दहापर्यंत झाडे मेली तरी वाण साधारणपणे प्रतिकारकच धरतात. शिवाय ही बुरशी एक जातीची नाही. हावरे आणि नेने यांनी १९८२ मध्ये हैदराबाद, कानपूर, गुरुदासपूर आणि हिस्सार येथल्या चार वेगवेगळ्या जाती दाखवल्या. एकीला दाद न देणारा वाण दुसरीपुढे मान टाकू शकतो.

मुळात ‘मर’ हा शब्दच मोघम. सिंधुदुर्गात हरभरा फारसा होत नाही, पण मालवणकडचा वांगी लावणाराही मरच म्हणतो. त्याची मर जिवाणूंची. खोड कापून पाण्यात धरले की दुधासारखा धागा उतरतो. आपल्या हरभऱ्यातही दोन वेगळी दुखणी एकाच नावाने चालतात. झाड उपटून मूळ उभे चिरा. मूळ शाबूत आणि आत काळपट तपकिरी रेघ असेल तर ती बुरशीची खरी मर. सोटमूळ कडकडीत, आडवी मुळे गळालेली आणि उपटताना टोक जमिनीतच राहिले तर ती कोरडी मूळकूज. घाटे भरताना ऊन तापले, ओल तुटली की ती येते. मरीच्या रानात पास झालेला वाण तिच्यापुढे टिकेलच असे नाही.

कापूस-ज्वारीवाल्यांनी तर जास्तच सावध राहावे. मूळकुजीची बुरशी तीच, जी ज्वारीला खडखड्या आणते. मरीची बुरशी हरभरा नसतानाही सहा वर्षे जमिनीत तग धरते, आणि कपाशीत आपण घेतो त्या तुरीच्या मुळांत काही लक्षण न दाखवता राहू शकते. एक साल ज्वारी घेतली की रान स्वच्छ, हा हिशेब खरा नाही.

पिशवीवर रोगाचे नेमके नाव हवे. चाचणी कोणत्या ठिकाणी झाली आणि शेकडा किती झाडे मेली, हेही छापले पाहिजे. आमची ही मागणी काही जगावेगळी नाही. चाचणीच्या वहीत हे आकडे असतातच.

ते छापले जाईपर्यंत थांबायचे कारण नाही. येत्या रब्बीत ज्या कोपऱ्यात दरसाल मर लागते तेथे दोन तास घरच्या, मरणाऱ्या बियाण्याचे, दोन नव्या वाणाचे, पुन्हा दोन घरचे, असे पेरा. उगवल्यावर झाडे मोजा, फुलोऱ्यात मोजा, घाटे भरताना मोजा. मेलेल्या झाडांची मुळे चिरून कोणते दुखणे ते वहीत लिहा, आणि ती वही जिल्हा बैठकीला घेऊन या.