‘सिकी’

मागील सत्रांत वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें इंग्रजी वर्तमानपत्र पुढें करून मला विचारलें, “सर, ‘सिकी’ म्हणजे काय?” प्रकृति ठणठणीत असतां, आजारी असल्याचा निरोप कामाच्या ठिकाणीं धाडून घरीं राहणें, अशा रजेला इंग्रजी बोलणारे लोक थट्टेनें ‘सिकी’ म्हणतात. शब्द मूळचा ऑस्ट्रेलियांतला. तेथें माणूस सिकी ‘फेंकतो’, इंग्लंडांत ‘ओढतो’. अर्थ सांगून मी मोकळा झालों. पण तो शब्द माझ्या मनांतून जाईना.

ऑस्ट्रेलियन लोकांना शब्द आखडून त्याच्या शेवटीं ‘ई’ लावण्याचा मोठा शोक. न्याहारीला ते ‘ब्रेकी’ म्हणतात, डासाला ‘मॉझी’. हा सारा लडिवाळपणा निरुपद्रवी खरा. परंतु ‘सिकी’ हा शब्द एका अपराधाला मांडीवर घेऊन बसतो. ‘मी धन्याशीं खोटें बोललों’ असें चारचौघांत सांगतांना जीभ कचरते. ‘मीं एक सिकी फेंकली’ हें हंसत सांगतां येतें. १९८३ च्या सप्टेंबरांत अमेरिकेचा १३२ वर्षांचा विजय मोडून ऑस्ट्रेलियानें अमेरिका चषक ही नौकाशर्यत जिंकली, तेव्हां त्या दिवशीं गैरहजर राहणाऱ्यांना कामावरून काढणाऱ्या धन्यांची खुद्द पंतप्रधान बॉब हॉक यांनीं जाहीर टर उडविली होती! पण ती उघड सुटी. तींत आजाराचें सोंग नव्हतें.

जुन्या इंग्लंडांतील कारागीर रविवारचा शीण घालविण्याकरितां सोमवारींहि कामावर जात नसत, व त्या दिवसाला ‘संत सोमवार’ म्हणत. असा संत कोणत्याहि चर्चच्या दिनदर्शिकेंत नाहीं, हें सांगणें नको. लंडनच्या छापखान्यांत तरुणपणीं काम करीत असतां आपण हा सोमवार कधीं पाळला नाहीं, असें बेंजामिन फ्रँकलिन यांनीं आत्मचरित्रांत अभिमानानें नमूद केलें आहे. तो आळस असेल, पण तो राजरोस आळस होता.

यावर कोणी म्हणेल, “थकलेल्या माणसानें काय करावें?” प्रश्न रास्त आहे. ‘मी दमलों आहें’ एवढें कारण पुष्कळ ठिकाणीं चालत नाहीं, म्हणून बिचारा ताप आणतो. विलायतेंतील कांहीं कंपन्या कारण न विचारतां वर्षांतून एखाददुसरा ‘दुलईचा दिवस’ देतात, तें मला अधिक सरळ वाटतें.

मात्र एक गोष्ट विसरूं नये. ब्रिटनमध्यें १९८२ पासून पहिल्या सात दिवसांच्या आजाराकरितां डॉक्टरचा दाखला लागत नाहीं. कामगाराचा स्वतःचा शब्द पुरतो. ही सवलत केवळ विश्वासावर उभी आहे. प्रत्येक सिकी त्या विश्वासांतून कांहीं खर्च करते, आणि तो खर्च फेंकणाऱ्याच्या खात्यावर पडत नाहीं. पुढें जो खरोखर अंथरुणाला खिळतो त्याच्याकडे संशयानें पाहिलें जातें.

पालकहो, हें दूर देशचें वाटत असेल, तर माझ्याच वर्गांतली गोष्ट सांगतों. एका विद्यार्थ्याचें पोट नेमकें चांचणीच्या दिवशीं, नाहींतर क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशीं दुखे. चिठ्ठी येई, खालीं वडिलांची सही असे. वर्ग हंसे, कधींकधीं मीहि हंसें. एके दिवशीं तो मुलगा दुसऱ्या तासाला पोट धरून उभा राहिला. मीं त्याला खालीं बसावयास सांगितलें. चौथ्या तासाला तो बांकावरच आडवा झाला, तेव्हां कोठें मीं खडू खालीं ठेवला. त्याच रात्रीं त्याच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया करावी लागली. दोन तास मीं फुकट घालविले होते, आणि तो दोष माझा होता. इस्पितळांत त्याचे वडील भेटले. जुन्या चिठ्ठ्यांचा विषय त्यांनीं काढला नाहीं, मींहि काढला नाहीं.

तीन आठवड्यांनीं मुलगा शाळेंत आला. मीं कांहीं मागितलें नव्हतें. तरी त्यानें प्रथम माझ्या टेबलाशीं येऊन डॉक्टरांचा दाखला ठेवला, आणि मग जाग्यावर जाऊन बसला.