घर नवे, मीटर जुना

ब्रिटनमध्ये पहिले घर घेताना आपली मराठी मंडळी अभ्यासात कुठे कमी पडत नाहीत. मॉर्गेजचा व्याजदर पाव टक्क्याने कमी मिळावा म्हणून चार बँका पालथ्या घालतात, सर्वेअरचा अहवाल ओळ न् ओळ वाचतात. मात्र गॅस आणि वीज कुणाकडून घ्यायची हा निर्णय सामान हलवण्याच्या गडबडीत पाच मिनिटांत उरकला जातो. तोही बहुधा "आमच्या कंपनीत या, दोघांनाही पन्नास पौंड मिळतील" अशा एखाद्या मित्राच्या शिफारशीवर. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी मीटर, मग आपला वापर आणि सर्वांत शेवटी कंपनी, असा क्रम ठेवल्यास पैसा वाचतो आणि मनस्तापही.

महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना ही निवड करण्याची सवयच नाही. वीज म्हणजे एमएसईबी, मुंबई शहरात बेस्ट, आणि गॅस म्हणजे सिलिंडरचा नंबर लावणे! ब्रिटनमध्ये मात्र घरगुती गॅसची बाजारपेठ १९९८ मध्ये आणि विजेची १९९९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. पण कंपनी बदलली तरी तारा, पाइप आणि त्यांतून येणारी वीज-गॅस तीच राहते. बदलतो तो दर, बिलाचा कागद आणि तक्रारीला फोन उचलणारा माणूस.

किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी घरात दिवा लागतो, कारण आधीच्या मालकाची कंपनी पुरवठा चालू ठेवते. याला 'डीम्ड कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. त्यातून बाहेर पडायला दंड नाही. हा दर सहसा सर्वांत स्वस्त नसतो, पण ऑफजेम या नियामक संस्थेने ठरवलेल्या कमाल दराच्या वर तो जाऊ शकत नाही. ही मर्यादा जानेवारी २०१९ पासून लागू आहे व दर तीन महिन्यांनी नव्याने ठरते. मात्र ती युनिटच्या दराला आणि रोजच्या स्टँडिंग चार्जला आहे, एकूण बिलाला नाही. बातम्यांत सांगितला जाणारा वार्षिक आकडा सर्वसाधारण वापराच्या घराचा असतो. जास्त वापराल तर जास्तच भराल. सांगायचे एवढेच, की दोन-चार आठवडे थांबल्याने आभाळ कोसळत नाही.

पहिल्या दिवशी मात्र तीन कामे चुकवू नयेत.

१) दोन्ही मीटरचे आकडे आणि मीटरवरचा क्रमांक यांचे फोटो काढावेत.

२) सध्याची कंपनी शोधून तिला नाव, ताबा घेतल्याची तारीख व रीडिंग कळवावे. नाहीतर आधीच्या मालकाचे युनिट आपल्या खात्यावर येतात. प्रीपेमेंट मीटर असेल तर जुन्या किल्लीत किंवा कार्डात पैसे न भरता नवे मागवावे, कारण जुन्यावर आधीच्याची थकबाकी असू शकते.

३) गॅसचा मीटर घनमीटर मोजतो की शंभर घनफूट, ते पाहावे. घनमीटरच्या मीटरवर एक आकडा म्हणजे सुमारे ११ युनिट, तर जुन्या घनफुटाच्या मीटरवर ३१ च्या आसपास. आमच्या घरी घनमीटरचा मीटर असताना कंपनीने तो घनफुटाचा धरला आणि पहिले बिल जवळजवळ तिप्पट आले. मीटरच्या फोटोमुळेच ते दुरुस्त झाले.

आता निवडीकडे वळू. 'महिन्याला इतके पौंड डायरेक्ट डेबिट' हा आकडा म्हणजे भाव नव्हे, तो केवळ अंदाज आहे. भाव दोनच: युनिटचा दर आणि स्टँडिंग चार्ज. समजा, विजेसाठी एक कंपनी युनिटला २५ पेन्स व दिवसाला ६० पेन्स घेते, दुसरी २७ आणि ४०. स्टँडिंग चार्जमधला वर्षाचा फरक ७३ पौंड. वर्षाला २,००० युनिट वापरणाऱ्या नोकरदार जोडप्याला दुसरी कंपनी ३३ पौंडांनी स्वस्त पडेल. ५,००० युनिट वापरणाऱ्या मोठ्या कुटुंबाला पहिली २७ पौंडांनी. दोघांनीही एकमेकांची शिफारस ऐकली तर दोघांचेही नुकसान! मित्राची विजेवरची गाडी रात्री स्वस्त दरात चार्ज होते, म्हणून तो दर तुम्हाला सोयीचा ठरेलच असे नाही. पन्नास पौंड जरूर घ्यावेत, पण हिशेब झाल्यावर.

वापराचा अंदाज कसा घ्यावा? जुलैमध्ये घर घेतले तर महिन्याच्या रीडिंगवरून हिवाळा कळत नाही. आधीच्या मालकाला वर्षाचे युनिट विचारावेत. २०२३ मध्ये ऑफजेमने मध्यम वापराचे घर म्हणून वर्षाला विजेचे २,७०० व गॅसचे ११,५०० युनिट धरले होते, त्याच्याशी तुलना करावी. घरात तान्हे मूल असेल किंवा भारतातून आई-वडील आले असतील तर हीटिंग दिवसभर चालते, तेही मोजावे.

ठरावीक मुदतीचा स्थिर दर घेताना मध्येच सोडण्याचा दंड किती, हे आधी वाचावे. अगदी नवख्या कंपनीला घाबरण्याचे कारण नाही, पण २०२१ व २०२२ मध्ये तीसच्या आसपास कंपन्या बुडाल्या हे विसरू नये. ग्राहकांचा पुरवठा तेव्हा थांबला नाही आणि जमा रकमाही सुरक्षित राहिल्या, पण त्याचा भार शेवटी सर्वांच्याच बिलांवर पडला. म्हणून एक-दोन पेन्सच्या फरकापेक्षा तक्रारीला उत्तर देणारी कंपनी मला अधिक मोलाची वाटते. आठ आठवड्यांत तक्रार सुटली नाही तर एनर्जी ओम्बुड्समनकडे विनामूल्य दाद मागता येते.

मॉर्गेज पंचवीस-तीस वर्षांनी फिटते, गॅस-विजेचे बिल मात्र घरात राहू तोवर चालूच राहते. म्हणून वर्षातून एकदा तासभर कागद-पेन्सिल घेऊन बसावे. एवढा हिशेब आपल्या कुणालाही अवघड नाही.