सोबत कोण आहे?

मुलीनं लांब पल्ल्याची शर्यत धावायची ठरवली की घरात पहिला प्रश्न येतो, "सोबत कोण आहे?" मुलानं ठरवलं तर विचारतात, "किती किलोमीटर?" दोन्ही प्रश्न मायेपोटीच येतात, पण त्यांतला फरक छोटा नाही. माझं मत असं आहे, की पहिली लांब शर्यत एकट्यानं तयारी करून एकट्यानंच धावावी. आणि ते जर चांगलं असेल, तर मुलींना त्यासाठी सोबतीची अट नसावी.

आधी एकट्यानं का, ते सांगते. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात वाढलेली. पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरपेक्षा थोडं जास्त, पाच महिने तयारी करून धावले. तयारी तशी साधी असते. आठवड्यातून तीन दिवस थोडं धावायचं, रविवारी लांब. रविवारचं अंतर दर वेळी एखाद्या किलोमीटरनं वाढवायचं आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्याला कमी करायचं. वेग इतकाच ठेवायचा, की धावता धावता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. अशा संथ धावण्यानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात. हाडं आणि अस्थिबंध मात्र सावकाश तयार होतात. म्हणून दम शिल्लक असला तरी थांबावं लागतं.

हे 'थांबणं' गटात जमत नाही. गटात आपण शेजारच्याच्या वेगानं धावतो, त्याच्यासमोर मागे पडायची लाज वाटते. एकटं असलं की आपला श्वास हेच घड्याळ. शर्यतीच्या दिवशी सुरुवातीला सगळेच सुसाट सुटतात. तेव्हा ज्याला स्वतःचा वेग ठाऊक आहे, तोच शांत राहतो. सोळाव्या किलोमीटरला माझ्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. तिथे धीर द्यायला ओळखीचं कुणी नव्हतं आणि लाज वाटावी असंही कुणी नव्हतं. पुढचं पाऊल टाकायचं की नाही, हे फक्त मी ठरवणार होते. असा निर्णय घ्यायची सवय बाईमाणसाला आयुष्यात किती वेळा मिळते, सांगा बरं?

आता अट. "उजाडल्यावर जा ना," असं सगळे सांगतात. पण मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा ४५ अंशांवर जातो, सकाळी सातलाच ऊन अंगावर येतं. जानेवारीत सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो, वर धुकं. कॉलेज गाठायचं असेल तर धावायचं अंधारातच. या शहरात राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. १९५७ साली, सत्तावनच्या लढ्याच्या शताब्दीला, त्यांच्याच नावानं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय इथे सुरू झालं आणि आज ती राष्ट्रीय संस्था आहे. त्याच शहरात पहाटे पाचला मुलगी एकटी धावताना दिसली, की दूधवाला गाडी हळू करून विचारतो, "बेटा, सब ठीक है?" माणूस भला आहे. पण एकटी मुलगी दिसली म्हणजे काहीतरी बिघडलंय, हेच त्याला वाटतं.

काळजीच्या नावानं अडवणं जुनंच आहे. १९२० साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून पुढे आलेले बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. मधली ६४ वर्षं! १९२८ मध्ये बायका ८०० मीटर धावल्या, तेव्हा "हे त्यांना झेपत नाही" असं ठरवून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. १९६६ मध्ये बॉबी गिब या तरुणीला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये झुडपाआड लपून, नंबराशिवाय धावावं लागलं. आणि झेपण्याचं म्हणाल, तर साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांच्या गटात जिंकत जिंकत २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि दहाव्या आल्या.

मला मान्य आहे, आईची भीती खोटी नाही. भटकी कुत्री खरी आहेत, बंद पडलेले दिवे खरे आहेत. एकदा एक मोटारसायकल बराच वेळ माझ्या मागे रेंगाळत होती. चहाच्या टपरीवर माणसं दिसली तशी मी तिथे जाऊन उभी राहिले, मग ती निघून गेली. तेव्हापासून रस्ता ठरलेला, घरी सांगितलेला, फोन कमरेला. एवढी सावधगिरी मुलांनीही घ्यावी. पण मुळात भीती रस्त्याची असेल तर दुरुस्ती रस्त्याची करा, मुलीचं वेळापत्रक कशाला बदलता? दिवे उजाडेपर्यंत चालू राहू देत. कॉलेजांची मैदानं पहाटे पाचला उघडू देत. आणि आणखी मुली रस्त्यावर येऊ देत. पहाटे धावणाऱ्या दहाजणी रोज दिसल्या, तर अकरावीकडे कुणी वळून बघणार नाही. त्या दहाजणींनी एकत्रच धावायला हवं असंही नाही, आपापल्या वेगानं, आपापल्या वाटेनं धावल्या तरी चालेल.

तोवर आपल्याला एक गोष्ट फुकटात करता येईल. घरातली, वर्गातली एखादी मुलगी म्हणाली, "मी शर्यतीची तयारी करतेय," तर तिला अंतर विचारा, वेळ विचारा, गुडघे कसे आहेत ते विचारा. सोबत हवी असेल तर ती स्वतःच सांगेल.